भावाच्या वेपचा सेल माझ्या टॉर्चात चालंल का?

मागच्या अंकात रात्रीच्या लाइटीबद्दल लिहिलं होतं, की शेतीपंपाची पाळी रात्रीची आली की दारं धरायला जाताना हातात उजेड चांगला पाहिजे, तर त्यावर एवढी पत्रं आली की यावेळी सगळी पानं सेल आणि व्होल्टलाच देतोय. मिक्सर, पंख्याचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेतो. एक सांगून ठेवतो, आपल्याकडं टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, त्यामुळं घोळ नको म्हणून इथं मी टॉर्च आणि सेल असे वेगळे शब्द वापरलेत.

प्रश्न: माझा चुलतभाऊ इंग्लंडात लेस्टरला असतो, तिथं वेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढतो. लग्नाला आला तेव्हा यंत्र तिकडंच ठेवून आला, इकडं बंदी आहे हे त्याला माहीत होतं. पण दोन जादा सेल आणि चार्जर सोबत आणले होते ते मला देऊन गेला, म्हणला टॉर्चला लाव. सेलवर १८६५० आन् आयएनआर असं छापलंय. चालतील का? आणि तो सांगत होता की त्याच्याकडं आधी एक बिनचिपचं डायरेक्ट यंत्र होतं, आता स्क्रीनवालं आहे, दोन्हीच्या व्होल्टेजमध्ये लई फरक. तो फरक नेमका काय? माझा इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालाय, नीट सांगितलं तर कळंल. (औसा, जि. लातूर)

भाऊ, सेल चालतील. बसतात का आणि आवरण धड आहे का हे आधी बघायचं, ते खाली सांगतो.

यंत्र तिकडं ठेवलं हे भावानं बरं केलं. २०१९ च्या कायद्यानं आपल्याकडं ई-सिगारेट बनवणं, परदेशातून आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळं बंद आहे, आणि आणताना-विकताना पहिल्यांदा सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याला माझा एक निरोप पण द्या, निकोटिन पुडीतून गेलं काय आन् वाफेतून गेलं काय, सवय तीच लागते. सेलवर मात्र काही बंदी नाही, हाच सेल लॅपटॉपात, ड्रिल मशीनमध्ये, पॉवरबँकेत असतो.

आता सेलवरचं वाचू. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं. पुढची अक्षरं आत कोणता मसाला आहे ते सांगतात. आयसीआर म्हणजे कोबाल्टवाला, हा जुना प्रकार, जास्त ओढलं की तापतो आणि एकदा बिथरला की आवरत नाही. आयएमआर मँगनीजवाला, तो जास्त करंट सोसतो. आयएनआर म्हणजे निकेल मिसळलेला, यात साठा पण बरा आणि करंट पण बरा, म्हणून हल्ली हाच जास्त दिसतो. या तिघांचं व्होल्टेज साधारण ३.६-३.७ आणि फुल चार्जला ४.२. चौथा आयएफआर, म्हणजे लोह-फॉस्फेट, याचा हिशोब वेगळा, ३.२ व्होल्टचा सेल आणि फुल झाला की ३.६५. त्याला चुकून ४.२ च्या चार्जरला लावू नका.

आता एमएएच आणि अँपिअर, इथं निम्मी माणसं गडबडतात. एमएएच म्हणजे विहिरीत पाणी किती. अँपिअर म्हणजे त्या विहिरीतून एका वेळी किती इंची पाइपानं उपसा केला तर ती टिकते. पाणी लई असून झरा बारीक असलेल्या विहिरी आपण बघतोच की. सेलचं पण तसंच, ३५०० एमएएचचा सेल बहुतेक ८-१० अँपिअरच्या पुढं सलग ओढू नये, आणि २० अँपिअर सोसणारा सेल असंल तर त्याचा साठा २५०० ते ३००० च्या आसपास असतो. दोन्ही भरपूर एकाच सेलात मिळणं अवघड. वेपवाले सेल दुसऱ्या जातीचे असतात, कारण वेपमधली कॉइल, म्हणजे रसाची वाफ करणारी तार, तापवायला दोनचार सेकंद का होईना पण लई करंट लागतो. तुमची टॉर्च ओढून ओढून १ ते ३ अँपिअर ओढणार. म्हणून वेपचा सेल टॉर्चात निवांत चालतो. उलटं मात्र कधी करू नये, टॉर्चचा किंवा जुन्या लॅपटॉपातला सेल काढून वेपमध्ये घालणं म्हणजे बारक्या झऱ्याच्या विहिरीवर दहा एचपीची मोटर बसवणं. हे भावाला नक्की सांगा.

आता बसण्याचं. वेपचे सेल चपट्या तोंडाचे असतात, बऱ्याच टॉर्चला बटणासारखं वर आलेलं टोक लागतं, त्यामुळं सेल आत जातो पण लाइट लागत नाही. मग लोक त्यावर रांगाचा ठिपका देतात नाहीतर छोटं लोहचुंबक ठेवतात. दोन्ही करू नका. डाग देताना सेल आतून भाजतो, आणि चुंबक टॉर्च पडली की सरकून कडेला जातं. कडेला म्हणजे कुठं, हे हातात सेल घेऊन बघा. वरचं मधलं तोंड तेवढं प्लस, बाकी खालपासून वरच्या काठापर्यंत सगळा पत्रा मायनस, आणि दोघांच्या मधे एक पातळ कागदी चकती आणि वरचं प्लास्टिकचं आवरण, बस्स एवढंच. ते आवरण काठाला नखाएवढं जरी फाटलेलं असलं तरी सेल वापरू नका, नवीन आवरण आणि चकती स्वस्तात मिळते, दहा मिनिटांचं काम आहे.

एकदा वसमतला माझ्या दुकानात एक पोरगं आलं, पँटच्या खिशात हात घालून उभं होतं आणि एकदम ओरडलं. खिशात सुटा सेल, गाडीची चावी आणि चिल्लर एकत्र. चावी काठाला चिकटून लाल व्हायला लागली होती, पँटीला भोक पडलं आणि मांडीवर चावीच्या आकाराचा डाग उठला. तेव्हापासून माझ्याकडं सुटा सेल घेणाऱ्याला मी प्लास्टिकची डबी घेतल्याशिवाय सोडत नाही. तुम्ही पण डबी घ्या.

अजून एक, या सेलांच्या आत संरक्षणाचं सर्किट नसतं (ते असलं की सेल तीनचार मिलिमीटर लांब होतो). म्हणजे टॉर्चात स्वतःचं कटऑफ नसंल तर सेल पार रिकामा होईपर्यंत जळत राहणार, आणि २.५ व्होल्टच्या खाली गेलेला लिथियम सेल आतून खराब होतो, पुन्हा चार्ज केला तर धोका. उजेड मंद पडायला लागला की बांधावरच बंद करा आणि दुसरा सेल घाला.

आता तुमचा व्होल्टेजचा प्रश्न, हा मला लई आवडला. भावाचं जुनं डायरेक्ट यंत्र म्हणजे सेल, बटण आणि कॉइल, मधे कोणी नाही. हिशोब सरळ ओहमच्या नियमाचा. कॉइल अर्ध्या ओहमची असंल तर फुल सेलला ४.२ भागिले ०.५ म्हणजे ८.४ अँपिअर, साधारण ३५ वॅट. सेल उतरत ३.४ वर आला की ६.८ अँपिअर आणि २३ वॅट. म्हणून सकाळी जोरात आणि संध्याकाळी मवाळ लागायचं, ते जाणवलेलं बरोबर आहे. पण धोका पण तिथंच. कॉइल ०.१ ओहमची बसवली तर तोच सेल ४२ अँपिअर द्यायला बघणार, आणि अडवायला मधे ना फ्यूज ना चिप. बटण दबून अडकलं तर बंद कोण करणार? वरून धातूची बंद नळी, गॅस निघायला भोकं बुजलेली असली तर ती नळी फुटतेच. अमेरिकेत २०१८ ला फ्लोरिडात आणि २०१९ ला टेक्सासात असं वेप फुटून माणूस गेल्याची नोंद आहे. भावानं ते यंत्र सोडलं, चांगलं केलं.

स्क्रीनवाल्यात मधे चिप असते, ती सेलचं व्होल्टेज कमीजास्त करून कॉइलला देते. तुम्ही ४० वॅट लावले तर ती ४० च देणार, सेल भरलेला असो की उतरलेला. आता इथं डिप्लोमावाले पण फसतात, म्हणून नीट बघा. सेल उतरला की चिप सेलमधून करंट कमी ओढते का जास्त? जास्त. ४० वॅटला ४.२ व्होल्टवर साडेनऊ अँपिअर लागतात, ३.२ वर साडेबारा लागतात, आणि चिप स्वतः दहा टक्के खात असंल तर चौदाच्या जवळ जातं. म्हणजे सेल जेव्हा दमलेला असतो तेव्हाच त्याच्यावर सगळ्यात जास्त ओझं. आपल्या विहिरीवरच्या मोटरीचं हेच होतं की, व्होल्टेज पडलं की स्टार्टरच्या डब्यावरचा अँपिअरचा काटा वर चढतो आणि मग मोटर जळते. त्यामुळं चिपच्या यंत्राला सेल निवडताना हिशोब भरलेल्या सेलवर मांडू नये, उतरलेल्या सेलवर मांडावा.

व्होल्टेज बदलायची पण दोन तऱ्हा आहेत. एक, खरंच सपाट कमी किंवा जास्त व्होल्टेज तयार करायचं, त्याला इंडक्टर-कपॅसिटर लागतात, सर्किट महाग. दुसरी, पीडब्ल्यूएम, म्हणजे पूर्ण व्होल्टेजच द्यायचं पण चालू-बंद, चालू-बंद असं भराभरा. ही बघायची असंल तर घरातली टॉर्च लो मोडवर लावा, भिंतीवर उजेड पाडा आणि मोबाइलचा कॅमेरा धरा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर तुमची टॉर्च पीडब्ल्यूएमवर चालते, नाही दिसले तर बहुतेक सपाट करंटवर.

टॉर्चात पीडब्ल्यूएमनं डोळे थोडे शिणतात, बाकी फार बिघडत नाही. कॉइलमध्ये बिघडतं. समजा दोन सेल सिरीजमध्ये, ८.४ व्होल्ट, आणि चिप निम्मा वेळ चालू निम्मा वेळ बंद. साधा मीटर लावला तर ४.२ दाखवणार, कारण तो सरासरी दाखवतो. पण कॉइल सरासरीवर तापत नाही, ती व्होल्टेजच्या वर्गावर तापते. एक ओहमच्या कॉइलला सपाट ४.२ दिले तर साडेसतरा वॅट, आणि ८.४ निम्मा वेळ दिले तर पस्तीस, म्हणजे बरोब्बर दुप्पट. जुन्या स्वस्त यंत्रांत हे लई व्हायचं, सेकंदाला तीसेकच ठोके असायचे, वाफ अशी तडतडायची की आवाज यायचा, आणि लोक म्हणायचे चारच व्होल्ट लावलेत मग कॉइलमधला रस शोषणारा कापूस कामून जळतो. कापूस जळायचं कारण हे. तुमच्या भाषेत सांगायचं तर बघायचा तो आरएमएस, सरासरी नाही.

प्रश्न: बाजारात ९९०० एमएएचचा सेल लई स्वस्त मिळू लागलाय, घ्यावा का? (गेवराई, जि. बीड)

नाही. १८६५० च्या नळकांड्यात ९९०० मावतच नाही, चांगल्यातला चांगला सेल पस्तीसशेच्या आसपास, फार तर चार हजार. सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि हे नकली कधीकधी तीसच भरतात. एक मी कापून बघितला होता (तुम्ही कापू नका, मी मेलेला सेल बाहेर अंगणात, वाळूच्या घमेल्यात कापला), आत बारका सेल आणि उरलेल्या जागेत पांढरी भुकटी भरलेली.

प्रश्न: आमच्या पाठीवरच्या फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ एएचची बॅटरी एकाच हंगामात बसली. दुकानदार म्हणतोय लिथियमचा पॅक टाका, चार्जर जुनाच चालंल. टाकावा का? मालक पाठदुखीनं हैराण आहेत म्हणून वजनाचं पण विचारते. (सेलू, जि. परभणी)

ताई, पॅक टाका, पण जुना चार्जर चालंल हे दुकानदाराचं म्हणणं अजिबात ऐकू नका.

आधी तुमची बॅटरी कामून बसली ते सांगतो, म्हणजे पुढची टिकंल. हरभऱ्याची शेवटची फवारणी झाली की पंप कोपऱ्यात जातो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणी बघत नाही. शिशाची बॅटरी अर्धवट उतरलेली पडून राहिली की आतल्या पत्र्यांवर सल्फेटचा थर कडक बसतो, तो पुन्हा चार्ज केल्यानं निघत नाही. तिला भरून ठेवायचं असतं आणि महिन्या-दोन महिन्याला पुन्हा चार्ज द्यायचा असतो.

लिथियमचे दोन पॅक मिळतात आणि दोन्हीला लोक लिथियमच म्हणतात, तिथं विचारून घ्या. एकात ३.७ व्होल्टचे सेल तीन-तीन सिरीजमध्ये, नाव ११.१ व्होल्ट, फुलला १२.६. दुसऱ्यात लोह-फॉस्फेटचे चार-चार, नाव १२.८, फुलला १४.६. शिशाचा जुना चार्जर साधारण १४.४ पर्यंत चढतो. आता पहिल्या पॅकची हद्द १२.६ आणि चार्जर रेटतोय १४.४, म्हणजे आतलं संरक्षणाचं सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, तेवढंच एक आडवं उभं. ते सर्किट हलकं असलं किंवा फवारणीचं पाणी आत जाऊन गंजलं तर सेल फुगणार, पेटू पण शकतात. ज्याचा पॅक त्याचाच चार्जर, यात तडजोड नको.

माझं मत विचाराल तर लोह-फॉस्फेटचा घ्या. थोडा महाग पडतो, पण आपल्याकडं उन्हाळ्यात परभणीला ४३-४४ अंश जातं, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, आणि तिथं हा मसाला बाकीच्यांपेक्षा लई शांत राहतो. शिवाय याचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट असतं, म्हणजे दहाव्या टाकीला पण फवारा पहिल्या टाकीसारखाच पडतो. तीन सेलवाला शेवटी नऊ-दहा व्होल्टवर येतो, नोझलमधून थेंब मोठे पडायला लागतात आणि औषध पानावर नीट पसरत नाही. पंपाचं जे गोल बटण असतं ना दाब कमीजास्त करायचं, ते बहुतेक पंपात वर औसेकर भाऊंना सांगितलं तसलंच चालू-बंदचं सर्किट असतं. ते थोडं कमी ठेवलं तर टाक्या जास्त निघतात, मोटरीला काही इजा नाही, पण थेंब मोठे पडतील इतकं कमी करू नका.

वजनाचं म्हणाल तर ८ एएचची शिशाची बॅटरी अडीच किलोच्या आसपास असते आणि तेवढ्याच साठ्याचा लोह-फॉस्फेटचा पॅक एक किलोच्या जवळ. सोळा लिटरच्या टाकीसोबत दिवसभर दीड किलो कमी म्हणजे मालकांच्या कमरेला नक्की जाणवंल.

हंगाम संपला की लिथियमचा पॅक शिशासारखा भरून ठेवायचा नाही, निम्मा चार्ज असताना पंपातून काढून घरात थंड जागी ठेवा. आणि ताई, हे कळकळीनं सांगतो, कापूस वेचून घरात आणला की तो ढीग आणि चार्जिंगचा बोर्ड एकाच खोलीत नको. मी अशा खोल्या बघितल्यात, छतापर्यंत कापूस आणि त्यावरून लोंबणारी चार्जरची वायर. चार्जिंग ओट्यावर फरशीवर करा, आणि कोणी जागं असताना करा. कधी पॅकमधून धूर निघालाच तर उचलायला जाऊ नका, मेन बंद करा आणि लांबून भरपूर पाणी मारा.

प्रश्न: मुलगा छत्रपती संभाजीनगरला कॉलेजला आहे. सुट्टीला आला तेव्हा बॅगेत हायलायटर पेनासारखी रंगीत वस्तू सापडली, ओढली की टोकाला दिवा लागतो, वास आंब्याचा. मला ती चुलीत टाकावी वाटते. स्फोट होईल का? त्याला काय म्हणू? (कंधार, जि. नांदेड)

माय, चुलीत टाकू नका. ते एकदा वापरून फेकायचं वेप आहे, आणि आत लिथियमचा सेल असतोच, ३.७ व्होल्टचा. आगीत गेला की फुटतो. ठेचू नका, सुई-टाचणीनं उघडू नका, घंटागाडीत पण देऊ नका, गाडीत कचरा दाबतात तेव्हा असे सेल पेटतात. आतला सेल पुन्हा चार्ज होण्यासारखा असून ते यंत्र फेकूनच द्यायचं असतं, आणि असल्या कचऱ्यापायी इंग्लंडनं सुद्धा १ जून २०२५ पासून एकदा वापरायचे वेप विकायला बंदी घातली. आतला पातळ रस पण विषारी, घरात लहान लेकरू असंल तर त्याच्या हाताला लागू देऊ नका. झाकणाच्या डब्यात वाळू घालून त्यात ठेवा आणि जिल्ह्याला कोणी जाईल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.

पोराचं म्हणाल तर त्याला आधी ओरडू नका. आंब्याचा वास आहे म्हणून त्याला ते तंबाखूसारखं वाटतच नसंल, पण यातल्या बहुतेकांत निकोटिन असतं आणि त्या वयात सवय लवकर लागते. त्याला विचारा की सकाळी उठल्याबरोबर ओढावंसं वाटतं का. हो म्हणला तर सवय लागलीय असं समजा आणि दोघांनी मिळून १८००-११२-३५६ या सरकारी नंबरावर फोन लावा, तंबाखू सोडवायला मदत करणारी फुकट सेवा आहे, तिथं बोलणारी माणसं रागावत नाहीत. आणि विकणारा कायद्यात अडकतो हे पण त्याच्या कानावर घाला, कारण हॉस्टेलवर ही पोरं एकमेकांना आणून देतात आणि दोन पैशासाठी नाव खराब होतं.

तो परत जायच्या आधी ही वस्तू त्याच्याच हातानं त्या वाळूच्या डब्यात ठेवायला सांगा. आणि तो डबा चुलीपासून, उन्हापासून लांब, ओसरीच्या सावलीत राहू द्या.